हौसाने बसला हात केला, त्याची गोष्ट

मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. पनवेलमध्ये माझं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. अर्धं पनवेल माझ्याकडे गाडी शिकलं, आणि उरलेलं अर्धं त्या अर्ध्याला चुकवत रस्ता ओलांडायला शिकलं. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून माझा उजवा पाय झोपेतसुद्धा ब्रेक दाबतो. आमच्या पलंगाची फळी त्या बाजूला खचली आहे, येऊन बघा.

अशा माणसाला देवाने विलायतेत नेलं आणि एका बाईने त्याच्या डोळ्यांदेखत धावत्या बसचं स्टेअरिंग सोडून दिलं. ते पाहूनही मी जिवंत परत आलो, म्हणून हे लिहितो आहे.

निघताना

माझी बायको हौसा. पनवेलच्या बाजारात मासळी विकते. माहेर उरणकडचं, खाडीकाठच्या कोळ्यांचं. तिला एकच भाऊ, दिनेश, तिच्यापेक्षा इतका लहान की तिनेच त्याला कडेवर वाढवला. तो आता विलायतेत केंब्रिजजवळ कॉम्प्युटरवर जगातले कंटेनर इकडून तिकडे हलवतो. इकडे उरण रस्त्यावर जासईच्या नाक्यावर तेच कंटेनर तासन्‌तास हलत नाहीत, त्याला तो जबाबदार नाही म्हणे.

दिनेशला मुलगी झाली. आता बारसं म्हटलं की आत्या आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. आम्हाला मूल नाही. म्हणजे हौसाच्या तोंडून कुणाच्या कानात नाव पडायचं तर ते याच पोरीच्या. ती हे कधी बोलली नाही. पासपोर्ट काढायला मात्र माझ्याआधी रांगेत उभी होती.

"नाव काय ठेवायचं ठरवलंस?" मी विचारलं.

"त्या माज्या पोटान हाय," ती म्हणाली.

तिकडे दिनेशच्या बायकोने, रीनाने, 'कियारा' ठरवून टाकलं होतं. लंडनहून रीनाची बहीण येणार होती. आत्या वेळेवर पोचली नाही तर मावशी नाव सांगेल, अशी पर्यायी व्यवस्था फोनवर आमच्या कानावर घालण्यात आली. त्या दिवसापासून हौसाने 'मावशी' हा शब्द उच्चारणं सोडलं. बाजारात पोरं तिला "मावशी, सुरमई कशी?" विचारायची, तर भाव वाढायचा.

माझ्या स्कूलशेजारी इब्राहिमभाईंचं मसाल्याचं आणि खजुराचं दुकान आहे. त्यांनी तरुणपणी आखातात बस चालवली, त्यामुळे फेकण्यात ते माझे एकमेव प्रतिस्पर्धी. निघताना ते म्हणाले, "भाऊ, आमच्या तिकडे रस्ता इतका सरळ होता, की मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून नमाजाच्या वेळेपर्यंत झोपायचो."

मी मनात म्हटलं, थांबा. परत येऊन याहून मोठी मारली नाही तर नावाचा मी नाही. मला काय ठाऊक, की तिकडे खरं बोलूनच काम भागणार होतं!

केंब्रिज

विमानतळावर एका साहेबाने हौसाच्या हातातल्या पिशवीतून नारळ काढून घेतला. त्याचं म्हणणं, नारळ विमानात चालत नाही. सुका बोंबील चालला. नारळ पेटतो म्हणे, आणि बोंबलाने आजूबाजूचे प्रवासी पेटले, त्याची नोंद कुठे नाही.

केंब्रिज गावात भर वस्तीत मोकळं कुरण आहे आणि त्यावर गाई चरतात. लठ्ठ, निवांत, पदवी मिळाल्यासारख्या. दिनेश आम्हाला घ्यायला आला होता. तो म्हणाला, "बाय, आता आपण गायडेड बसने सेंट आइव्हजला जायचं."

हौसाने कुरणाकडे पाहिलं. "या गाई वढतील बस?"

"गाई नाही गं. गायडेड. म्हणजे बसला वाट दाखवलेली असते. ती त्या वाटेतून बाहेर जात नाही."

"म्हंजे तुजे भावोजींच्या उलटा," हौसा म्हणाली.

आता ही वाट काय असते ते नीट ऐका, कारण पनवेलला परत आल्यापासून मी ही गोष्ट ज्यांना सांगितली त्यांतल्या एकानेही पहिल्या दमात विश्वास ठेवलेला नाही. जमिनीवर काँक्रीटच्या दोन लांबच लांब पट्ट्या. दोन चाकांसाठी दोन. मध्ये गवत. पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेला वीतभर उंचीची काँक्रीटची कड. बसच्या पुढच्या चाकांजवळ दोन्ही बाजूंना आडवी छोटी चाकं, आपल्या जेवणाच्या ताटलीएवढी. बस पट्ट्यांवर चढली की ही ताटलीचाकं कडेला घासत धावतात आणि तीच बसला वळवतात. ड्रायव्हरने फक्त वेग सांभाळायचा. गावात शिरली की हीच बस पट्टीवरून उतरते आणि चारचौघींसारखी साध्या रस्त्याने जाते. आगगाडीची शिस्त आणि रिक्षाचा स्वभाव, असं जोडपं पत्रिका जुळवून एकत्र आणलेलं.

मी अगदी पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसलो. ड्रायव्हर बाई होती. नाव रिटा. आपल्याकडे रिता म्हणजे रिकामा, पण ही बाई सर्व बाजूंनी भरलेली होती. बस पट्टीवर चढली, खालून 'खट्ट' असा आवाज आला, आणि बाईने दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढले.

काढले म्हणजे काढले! एका हाताने चष्मा पुसायला घेतला, दुसऱ्या हाताने फडकं. बस सुसाट. पुढे वळण आलं. माझा उजवा पाय असा काही दाबला गेला, की पुढच्या पत्र्याला माझ्या चपलेचा ठसा उमटला असणार. मी ओरडलो, "क्लच! क्लच!" स्टेअरिंग आपलं आपण वळलं, भुताने धरल्यासारखं. बस वळणातून अशी निघाली, की हौसाच्या मांडीवरच्या पिशवीतला सुका जवळासुद्धा कुशीवर वळला नाही.

रिटाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिच्या इंग्रजीचं मी मराठी करून सांगतो. ती म्हणाली, "काका, तुम्ही ड्रायव्हर आहात ना? फक्त ड्रायव्हरच ओरडतात. बाकीचे पेपर वाचतात."

खरंच बाकीचे पेपर वाचत होते. शेजारच्या मोठ्या रस्त्यावर मोटारी मुंगीसारख्या अडकल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या नाकासमोरून सरबतासारखे वाहत होतो. धक्का नाही, खड्डा नाही. मला तर खड्ड्याशिवाय झोप लागेना. दोन्ही बाजूंना सपाट पाणथळ जमीन, तळी, त्यांत हंस. आपल्या उरणच्या खाजणाला कुणी इस्त्री करून ठेवावं तसं. हौसा खिडकीला नाक लावून बसली होती. शेवटी तिने सुस्कारा सोडला.

"काय झालं?"

"कवरी साफ काँक्रीट! जवला वालत घातला तर एका दिसान खरखरीत. आन लोकांनी इथं बस घातलीन."

सेंट आइव्हज

दिनेशचं गाव नदीकाठी. जुना दगडी पूल, आणि पुलाच्या मधोमध एक छोटं देऊळ. त्यांच्या देवाचं. हौसाने त्यालाही नमस्कार केला. पाण्यावरचा देव कुणाचाही असो, कोळ्याचाच.

जेवायला मासा आणला. पिठाचा जाड थर दिलेला, आत मासा, वरून व्हिनेगर. हौसाने थर उचकटून आत पाहिलं. "यालं सेटर कोनी घातलाय? थंडी वाजत हुती काय?" दुसऱ्या दिवशी तिने बोंबील भाजले. छतावरचा धुराचा भोंगा असा बोंबलला, की शेजारची म्हातारी रस्त्यावर येऊन उभी राहिली. पण नंतर हौसाने तिला कोकमाची कढी दिली. ती म्हातारी आता रोज भोंगा कधी वाजतो याची वाट बघते.

मग पहिली चूक झाली. संध्याकाळी मी आणि हौसा पट्टीशेजारच्या पायवाटेने फिरायला गेलो. पट्टीला लागून चालायची आणि सायकलची वाट आहे. हौसाचे गुडघे दुखायला लागले. तेवढ्यात लांबून बस येताना दिसली. हौसा कडेला गेली आणि तिने हात केला.

आपल्याकडे काय आहे? बाई रस्त्यावर उभी राहिली, हात केला, की लाल गाडी थांबते. थांबा कुठे आहे हे सरकार नाही, बाई ठरवते. ही बस मात्र थांबली नाही. वाराच असा आला, की हौसाचा पदर माझ्या तोंडावर आणि माझी टोपी हंसांच्या तळ्यात. काचेतून मला रिटा दिसली. तिने एक बोट नाही-नाही असं हलवलं आणि हसली. पुढच्या थांब्यावर ती आमच्यासाठी उभी होती. आम्ही धापा टाकत चढलो तर म्हणाली, "बाई, इथे हात करून बस थांबत नाही. मधे दार उघडत नाही. नियम आहे."

मी भाषांतर करून सांगितलं. हौसाने रिटाकडे असं पाहिलं जसं ती शिळ्या पापलेटाकडे पाहते.

"मानूस बसलाय ना आत?" ती म्हणाली. "मंग थांबत का नाय?"



बारशाचा दिवस

बारशासाठी दिनेशने गावातला हॉल घेतला होता. संध्याकाळी ठरलेल्या वेळी रिकामा करायचा, मग हॉलवाला कुलूप लावणार. केक आला, त्यावर साखरेत 'कियारा' लिहिलेलं. मावशी आली, रेशमी साडी, गॉगल. घुगऱ्या हौसाने पहाटेच शिजवल्या. सगळं झालं आणि हौसा उभी राहिली.

"नारल नाय."

रीना म्हणाली, "बाय, नारळाशिवाय चालेल की."

हौसा दाराकडे वळली. चप्पल घातली. दिनेशने मला डोळ्याने खुणावलं, 'जा बरोबर.' केंब्रिजात आपल्या लोकांचं दुकान आहे. बसने जायचं आणि नारळ घेऊन बसने यायचं. तुफान वेग आहेच. जाताना आम्ही सरबतासारखे गेलो. नारळ मिळाला. हौसाने तो कानाशी हलवून पाणी ऐकलं, आणि एक पिशवीत, एक हातात असे दोन घेतले. येताना बस पुन्हा रिटाचीच. वाटलं, वेळेच्या आधी पोचू, चहा होईल.

सेंट आइव्हजची घरं दिसायला लागली आणि बस थांबली.

पुढे एक बस उभी. तिच्या पुढे आणखी एक. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, जिथे साधा रस्ता या पट्टीला छेदतो तिथे, एक मोटार. रस्ता समजून पट्टीवर चढायला गेलेली आणि चोरून घुसणाऱ्या मोटारींसाठी मुद्दाम ठेवलेल्या, बसची रुंद चाकं ओलांडून जातात अशा खड्ड्यात तोंडावर पडलेली. मागची दोन चाकं हवेत. मोटारवाला बाहेर उभा राहून फोनवर मोबाइलच्या नकाशाला शिव्या घालत होता. मी काचेतून निरखून पाहिलं. माझा विद्यार्थी नव्हता. पण पद्धत ओळखीची वाटली.

आता गंमत बघा. ज्या कडेमुळे बस सरळ जाते, त्याच कडेमुळे बस बाजूला घेता येत नाही. पनवेलच्या रस्त्यावर हेच झालं असतं, तर आमच्या ड्रायव्हरने फुटपाथवरून, पेट्रोल पंपातून, एखाद्याच्या लग्नाच्या मांडवातून बस काढली असती, आणि जाताना दोन घास खाऊनही गेला असता. इथे समोर पन्नास पावलांवर गाव, शेजारी रिकामी पायवाट, आणि आम्ही नळीत अडकलेल्या बोरासारखे. मागेही आणखी बस येऊन उभ्या राहिल्या.

फोन वाजला. दिनेश. "भावोजी, कुठे आहात? हॉलवाला किल्ल्या घेऊन उभा आहे. मावशी म्हणते, ती उरकून घेते."

हे हौसापासून लपवता आलं असतं. पण माझा फोन उचलून कानाला तिनेच लावला होता, आणि दिनेशचं ओरडणं मलाही ऐकू येत होतं.

तिने फोन माझ्या हातात दिला. नारळ पदरात धरला आणि चालत पुढे रिटाजवळ गेली. हौसाला इंग्रजी येत नाही आणि रिटाला आगरी-कोळी येत नाही. हौसा तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने हात केला. तसाच, रस्त्याच्या कडेला उभी राहून करतात तसा. थांबलेल्या बसमध्ये!

रिटाने तो हात ओळखला. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: बाळ, आत्या, कान, नाव, मावशी, किल्ल्या. जमेल तेवढं इंग्रजी, बाकीचं हातवारे. कानात बोट घालून दाखवलं तेव्हा मागचा एक म्हातारा म्हणाला, "त्यांना डॉक्टर हवाय."

रिटाने आधी समोरच्या मोटारीच्या हवेतल्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्रवासी मधे उतरवायचा नाही, हा नियम. मी मोडणार नाही."

हौसाचा हात तसाच वर.

"पण," रिटा म्हणाली, "उकडतंय. हवा येण्यासाठी दार उघडलं तर चालतं. आणि बाळ मधे चढवू नये असं मला कुणी शिकवलेलं नाही."

दार उघडलं. मी फोनवर ओरडलो, "दिनेश! बारसं बसमध्ये! पोरीला घेऊन पळत ये!"

आणि ती वरात आली हो! पायवाटेने पुढे दिनेश, कडेवर बाळ, मागे रीना, तिच्या मागे चप्पल हातात घेतलेली मावशी, तिच्या मागे घुगऱ्यांचं पातेलं घेतलेले दोघे, केक, आणि सगळ्यांच्या मागे कुतूहलाने किल्ल्या वाजवत हॉलवाला. दाराच्या पायरीशी दिनेशने बाळ वर दिलं. हौसाने घेतलं. म्हाताऱ्याने पेपर घडी करून सीट मोकळी केली.

आत्याने नाव सांगताना तिच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात, हे मी प्रवाशांना समजावून सांगितलं. इंग्रज माणसाला अनोळखी बाईच्या पाठीत गुद्दा घालायला लावणं हे इंग्रजांना हाकलण्यापेक्षा कठीण आहे. पण म्हाताऱ्याने "माफ करा हं" म्हणत पहिला गुद्दा घातला, आणि मग सगळ्या बसला जोर चढला. हौसा बाळाच्या कानाशी वाकली. कुर्र झालं. बाळ रडलं.

"काय ठेवलंस?" रीनाने विचारलं. तिच्या हातात 'कियारा' लिहिलेला केक होता.

"ऋता," हौसा म्हणाली.

रिटाने सीटवरून वळून पाहिलं. तिला आपलंच नाव, थोडं मराठी वळणाचं, ऐकू आलं. भरलेली बाई डबडबली. मावशीने गॉगल वर करून सांगितलं, की ऋत हा फार जुना शब्द, ठरलेली वाट, विश्वाचा नियम. हे ऐकून रीनालाही नाव पटलं. रिटाला वाटलं आपलं नाव, मावशीला वाटलं वेदातलं, आणि केकवरचं साखरेचं 'कियारा' दिनेशने बोटाने खरवडून खाल्लं.

"आता नारल," हौसा म्हणाली.

तिने नारळ दिनेशला दिला. त्याने बाहेरच्या बाहेर पट्टीच्या काँक्रीटच्या कडेवर आपटला. खाडकन दोन शकलं. पाणी पट्टीवर सांडलं. आणि त्याच क्षणी पुढची मोटार खड्ड्यातून ओढून निघाली. माझी शपथ! तुम्ही म्हणाल, क्रेन आधीच आली होती. आली होती. पण दोर कधी ताठ झाला ते मी पाहिलं.

हौसाने मान हलवली. "आता समाजला. या रस्त्यालं कोनी नारलच फोरला नव्हता."

पनवेल

विमानात मी हळूच विचारलं, "पोटातलं नाव हेच होतं?"

"नाय."

"मग ते कोणतं?"

"त्या पुरच्यालं," ती म्हणाली आणि झोपली. पुढच्या बाळाचं नावही ठरलंय, हे दिनेशला अजून कळवलेलं नाही. रीनाला तर नाहीच.

दुकानावर इब्राहिमभाईंना सगळं सांगितलं. ते खजुराची बी हातात धरून ऐकत राहिले. "स्टेअरिंग सोडलं? बाळ चढलं? भाऊ, अल्लाला घाबरा." मग हौसा आली तशी तिलाच म्हणाले, "भाभी, तुम्ही सांगा, हा माणूस काय काय बोलतोय?"

"तो सांगतंय त्या कमी हाय," हौसा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हा आरोप झाला.

मग इब्राहिमभाईंनी मुद्द्याचं विचारलं. असा रस्ता इथून उरणपर्यंत झाला तर? मी शिकवतो तसं बोटं मोजत सांगायला लागलो. वेग मिळेल. कंटेनरच्या रांगेतून सुटका. उरणची पोरं पनवेलच्या कॉलेजात वेळेवर पोचतील आणि उशिराचं कारण शोधावं लागेल. पण एक बंद पडली की सगळ्या बंद. बाजूला घेणं नाही. गावाच्या मधून गेली तर पलीकडच्या काकूकडे विरजण मागायला वळसा. आणि त्या गुळगुळीत काँक्रीटवर पहिल्या उन्हात कोण काय वाळत घालेल ते सांगायला नको, माझ्याच घरात आहे.

"भाभी, तुम्हाला काय वाटतं? हवा का नको?"

हौसा माहेरी घुगऱ्या न्यायला निघाली होती. डबा काखेत घेऊन म्हणाली, "व्हवू दे की. रस्ता कसाव असू दे. मधी दार उघरनारी बाय तेवरी बसवा."

एवढं बोलून ती रस्त्याच्या कडेला गेली. थांबा बराच पुढे होता. लांबून उरणची लाल गाडी आली. हौसाने हात केला. गाडीने डावीकडची रिक्षा चुकवली, उजवीकडचा टेम्पो दाबला, माझ्या शिकाऊ पोराला गटाराकडे ढकललं, आणि मी शिकवलेले सगळे नियम एकामागून एक मोडत तिच्यासमोर येऊन अशी उभी राहिली, की दाराची पायरी तिच्या पायाला लागली.

माझा उजवा पाय हवेत दाबलेलाच होता.

"मावशी, थांब्यावर यावं जरा," कंडक्टर म्हणाला.

"आत्या म्हन," हौसा म्हणाली आणि चढली.